वह्या नंतर वाटा

पत्राचा गोषवारा: दाराच्या कड्या, हँडल, हुक असा धातूचा माल बनवणारा एक छोटा कारखाना. वडिलांनी उभा केला, आता पत्रलेखक आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून बघतात. आत चाळीसेक माणसं: ओतकाम, घासाई, बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं), प्लेटिंग (धातूचा मुलामा देणं). पाकिटात स्क्रू भरून सील करायचं काम दहा-बारा बायका घरी नेतात, पैसे नगावर. माल निर्यातदारामार्फत परदेशातल्या एका मोठ्या दुकानसाखळीला जातो. या साखळीने आता जाडजूड आचारसंहिता पाठवली आहे, तीन महिन्यांनी ऑडिट आहे, शिवाय ‘सामाजिक जबाबदारीचा उपक्रम’ दाखवा असंही म्हटलं आहे. एक सल्लागार भेटला. तो म्हणतो, फाइल मी करून देतो: ओव्हरटाइमचं दुसरं रजिस्टर, कामगारांनी काय बोलायचं याची तालीम, वर शाळेत वह्यावाटप आणि एक आरोग्य शिबिर, फोटोंसकट. धाकटा भाऊ म्हणतो, ही श्रीमंतांची फॅशन आहे. शेजारचा कारखानदार दमडी खर्च करत नाही आणि भाव आपल्यापेक्षा कमी लावतो. वडील म्हणतात, नड असताना आपण आजवर कुणाला परत पाठवलं नाही, याहून वेगळी जबाबदारी कसली? पत्रलेखकाचा प्रश्न: सल्लागाराचं ऐकावं, की ऑर्डर सोडून द्यावी? आणि आमच्यासारख्या लहानांना हे सगळं परवडतं तरी का? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: (बफिंगचा आमचा सगळ्यात जुना माणूस हल्ली जिना चढताना धापा टाकतो, पण तो विड्याही ओढतो.)

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली आहे, आणि तीही कंसात. मी तिथूनच सुरू करते.

विड्या हे कारण असेलही. पण वर्षानुवर्षं चाकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीत धूळ किती आणि धूर किती, हे तुम्ही किंवा मी बसल्या जागी ठरवू शकत नाही. छातीचा एक्स-रे आणि नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी ठरवू शकते. तो विड्या ओढतो म्हणून धुळीची जबाबदारी हलकीही होत नाही. आधीच पोखरलेल्या छातीला धूळ जास्तच बाधते. त्याला तपासून घ्या. खर्च तुमचा, रिपोर्ट त्याच्या हातात. तोवर चाकावरून काढून दुसरं काम द्या, पण पगार तोच ठेवून. पगार कापला जाणार असं दिसलं तर तो धाप लपवेल, आणि त्याचं बघून बाकीचेही लपवतील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. वह्या कोणत्या शाळेत वाटायच्या, शिबिराला किती खर्च येईल, याचा तुम्ही बराच विचार केलेला दिसतो. बफिंगच्या शेडमधल्या हवेचा मात्र पत्रात उल्लेख नाही. यामागे एक समज आहे: आधी नफा कमवायचा, मग त्यातला थोडा गेटबाहेर जाऊन वाटायचा, म्हणजे सामाजिक जबाबदारी पार पडली. हा समज तुमचा एकट्याचा नाही, आणि त्याला कायद्यानेही थोडा हातभार लावला आहे. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक तरी पायरी गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. मॉरिशसने तर २००९ मध्येच २ टक्क्यांची अशी सक्ती आणली होती. यात मजा अशी, की फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च भारतीय नियमांत सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणून धरलाच जात नाही. कायद्याच्या बाजूने ते बरोबर आहे. कामगाराला चांगली हवा देणं हे समाजकार्य नव्हे, ते मालकाचं कामच आहे. पण मोठ्या कंपन्यांच्या शाळा, झाडं, शिबिरं यांचे फोटो बघून लहान कारखानदाराच्या मनात नेमकं उलटं बसतं.

तुमचा खरेदीदार ते मागत नाहीये. ‘उपक्रम दाखवा’ ही ओळ त्याच्या कागदात असेल, पण बाकीची पानं चाळा: वय, पगार, कामाचे तास, आगीची व्यवस्था, हवा, सांडपाणी. तुम्ही नफा कुठे वाटला यापेक्षा तो कसा कमावला, याची ती चौकशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यांतल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे जबाबदारी प्रत्येक उद्योगाला आहे, आकार कितीही असो. मात्र ती पार पाडायची पद्धत आकाराप्रमाणे बदलू शकते. चाळीस माणसांच्या कारखान्याकडून वेगळा विभाग, चकचकीत अहवाल, धोरणपत्रिका यांची अपेक्षा नाही. दुसरी, सगळं एकदम करता येत नसेल तर ज्या गोष्टीने माणसाचं सगळ्यात जास्त आणि भरून न येणारं नुकसान होतं, ती आधी. या दुसऱ्या कसोटीवर तुमची यादी लावा. वह्या कुठल्या नंबरवर येतात बघा.

वडिलांचं म्हणणं मला सहज उडवून लावायचं नाही. लहान कारखान्यात मालकाला प्रत्येकाचं घर माहीत असतं. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, कुणाच्या घराचं छप्पर, प्रत्येक वेळी गल्ल्यातून उचल दिली जाते आणि त्याचा कुठे फोटो छापून येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत नसतं असं कितीतरी या गल्ल्यातून झालेलं असतं. पण एकदा तुमची उचलीची वही कामगाराच्या बाजूने वाचून बघा. ज्याच्या नावावर मोठी रक्कम आहे, तो दुसरीकडे चांगला पगार मिळत असताना जाऊ शकतो का? तो तुमच्या वडिलांना म्हणू शकतो का, की साहेब, धूळ फार आहे, पंखा बसवा? उपकाराखाली असलेला माणूस तक्रार करत नाही. तुम्हाला वाटतं, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे. शिवाय उचल फिटेपर्यंत सोडायचं नाही, असा नियम बोलण्यातसुद्धा असेल तर तो जिव्हाळा राहत नाही, वेठबिगारी होते. भारतात १९७६ पासून तिला कायद्याने बंदी आहे, आणि ऑडिटरच्या दृष्टीने हा सर्वांत गंभीर दोषांपैकी एक असतो.

वडिलांचा चांगुलपणा मोडीत काढा असं मी म्हणत नाही, तो लेखी करा. उचल कुणाला, किती, कशी फिटणार हे सगळ्यांना सारखं आणि एका पानावर. सोडून जायचं असेल तर बाकी रक्कम हप्त्यांनी, नोकरी अडवून नाही. आजारपणाचा विमा किंवा सरकारी आरोग्य योजना तुमच्या आकाराच्या कारखान्याला लागू असेल तर तिथे नाव नोंदवा, म्हणजे दवाखान्यासाठी माणसाला मालकाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. वडिलांना हे सुरुवातीला कोरडं वाटेल. त्यांना सांगा, तुम्ही जे प्रत्येकाला मागितल्यावर दिलंत ते आता न मागता मिळेल.

आता सल्लागार. त्याचा प्रस्ताव मोहात पाडणारा आहे हे मी समजू शकते: तीन महिन्यांचा ताण तो एका फाइलीत गुंडाळून देतोय. पण ही फाइल काय करू शकते आणि काय नाही, हे आधी बघा. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. ती आग लावलेली होती असं पुढे न्यायालयात ठरलं. पण माणसं इतकी मेली ती खिडक्यांना गज आणि बाहेर पडायच्या वाटा बंद असल्यामुळे. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, १,१०० हून अधिक कामगार दगावले. तिथल्या काही कारखान्यांचीही सामाजिक ऑडिट झालेली होती. इमारतीची मजबुती तपासणं त्या ऑडिटमध्ये नव्हतंच. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले तेव्हा खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं गेलं. तडा सगळ्यांना दिसत होता. आज कामावर येत नाही, असं म्हणायची सोय त्यांना नव्हती.

दुसऱ्या रजिस्टरबद्दल थोडं रोखठोक बोलते. ते पकडलं जातं. ऑडिटर हजेरीबरोबर उत्पादनाची नोंद, माल रवाना झाल्याच्या तारखा, विजेचं बिल ताडून बघतो आणि कामगारांना बाजूला घेऊन बोलतो. जास्तीचा ओव्हरटाइम सापडला तर बहुतेक संहितांमध्ये सुधारायला मुदत मिळते. खोटं रजिस्टर सापडलं तर थेट काम जातं. म्हणजे सल्लागार तुम्हाला लहान दोषातून काढून मोठ्या दोषात घालतोय, आणि त्याचे पैसेही घेतोय. समजा पकडलं नाही, तरी तालीम दिलेली माणसं उद्याही तुमच्याकडेच कामाला आहेत. त्यांना खोटं बोलायला शिकवलंत, आता प्लेटिंगच्या टाकीपाशी चष्मा लावा, हातमोजे घाला हे त्यांनी मनापासून ऐकावं अशी अपेक्षा कशी करणार?

जाता जाता एक सावधगिरी. सामाजिक जबाबदारीसाठी ‘आयएसओ २६०००’चं सर्टिफिकेट काढून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २०१० मध्ये आलेलं ते मानक केवळ मार्गदर्शनासाठी आहे, त्याचं प्रमाणपत्र दिलंच जात नाही.

ऑर्डर सोडून द्यायचा पर्याय तुम्ही लिहिला आहे. तो प्रामाणिक आहे, पण त्याने धूळ जात नाही. तीच माणसं त्याच चाकांवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल घासतील, आणि हातात पैसा आणखी कमी. म्हणून मी तिसरी वाट सुचवते: आहे तसं सांगायचं, सुधारणेचा आराखडा तारखांसह द्यायचा, आणि ऑडिटच्या आधीच्या तीन महिन्यांत अगदी जिवावरची कामं उरकून घ्यायची. हे करूनही ऑर्डर जाऊ शकते. ती जोखीम मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरी, ज्या गोष्टींना मुदत मिळतच नाही त्या वेगळ्या काढा: अल्पवयीन मुलं, अडकवून ठेवलेले कामगार, कामाच्या वेळात कुलूपबंद दारं, खोटी कागदपत्रं, लाच. यांतलं काही असेल तर ते आजच थांबायला हवं, ऑडिट असो वा नसो.

आणि मग हवा. बफिंगच्या शेडमध्ये भिंतीत एक मोठा एक्झॉस्ट बसवला की काम झालं असं सर्रास समजतात. चाक धूळ एका ठराविक दिशेला फेकतं. भिंतीतला पंखा ती धूळ माणसाच्या नाकासमोरून ओढत नेतो. हवं ते हे, की चाकाला खेटून, धूळ फेकली जाते त्या बाजूला पत्र्याचं तोंड, तिथून नळी, आणि शेवटी धूळ अडवणारी पिशवी किंवा गाळणी. लहान कारखान्याला तीन-चार चाकांचं मिळून एक धूळशोषक पुरतं, आणि पत्र्याचं काम तुमच्याच माणसांना येतं. तोंडाला बांधलेला रुमाल घाम टिपतो. बारीक धूळ त्यातून आरपार जाते. चांगला मास्क द्यायचाच, पण तो धूळशोषक बसवल्यानंतरचा उपाय आहे, त्याच्याऐवजी नाही. आणखी एक, अजिबात खर्च नसलेलं: सुट्टीच्या वेळी कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची, कपड्यांवरची धूळ उडवतात ना, ते बंद करा. दिवसभर खाली बसलेली धूळ त्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या छातीत जाते.

तुम्ही अ‍ॅल्युमिनियमही घासत असाल तर हा परिच्छेद भावाला मोठ्याने वाचून दाखवा. २ ऑगस्ट २०१४ ला चीनमधल्या कुनशान इथे मोटारीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या साचलेल्या धुळीचा स्फोट झाला. त्याच दिवशी सत्तरच्या आसपास माणसं गेली, पुढे उपचार सुरू असताना आकडा १४६ वर पोचला. ती धूळ कोरडी आणि हवेत उडालेली असेल तर तिला ठिणगी पुरते. लोखंड घासायचं चाक आणि अ‍ॅल्युमिनियमचं चाक एकाच नळीला कधीही जोडू नका. तसंच ओतीव माल साफ करायला वाळूचा मारा करत असाल तर वाळू बदला, स्टीलचे बारीक दाणे वापरा. जीन्सला जुनाट रंग आणायला लहान लहान कारखान्यांत वाळू मारून तुर्कस्तानात कित्येक तरुण कामगार सिलिकोसिसने, म्हणजे वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराने, खलास झाले. २००९ मध्ये तिथल्या सरकारने ती पद्धतच बंद केली. हा आजार बरा होत नाही.

प्लेटिंगमध्ये खर्चापेक्षा सवयीचा भाग जास्त आहे. रॅक टाकीतून वर काढला की माणूस घाईने तो धुण्याच्या टाकीत बुडवतो, आणि रॅकला चिकटलेलं महागाचं रसायन पाण्यात जातं, तिथून गटारात. रॅक टाकीवरच थोडा वेळ लटकू द्या, थेंब थांबेपर्यंत. टाकीवर एक आडवी दांडी लावली की हातही दुखत नाहीत. धुण्याची एकच टाकी सतत वाहती ठेवण्याऐवजी दोन किंवा तीन टाक्या ओळीने लावा. माल पहिलीतून शेवटचीकडे जाईल, पाणी शेवटचीतून पहिलीकडे येईल. पाणी कितीतरी कमी लागतं, आणि पहिल्या टाकीतलं घट्ट पाणी बऱ्याच वेळा मूळ टाकीची पातळी भरायला चालतं. क्रोमचं पिवळंधम्मक पाणी मात्र नुसतं पातळ करून सोडायचं नसतं. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) कर्करोग करणारं आहे; ते आधी आम्ल पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी (खूप कमी विषारी रूपाचं) करायचं, मग चुना घालून गाळ खाली बसवायचा, आणि तो गाळ धोकादायक कचरा म्हणून द्यायचा, भरावात नाही. सायनाइडची टाकी असेल तर तिचं पाणी आणि आम्लाचं पाणी एका नालीत येता कामा नये. ती एकत्र आली की निघणाऱ्या विषारी वायूने माणूस जागच्या जागी मरतो.

हे शुद्धीकरण एकट्याने उभारायचं तर कंबर मोडेल. इथेच भावाच्या शेजाऱ्याचा मुद्दा येतो. शेजारी खर्च करत नाही म्हणून स्वस्त विकतो, हे खरं आहे. पण ज्या नाल्यात तो सोडतो त्यातच तुम्हीही सोडता. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीची काय अवस्था केली ते सर्वश्रुत आहे. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले शेकडो कारखाने बंद झाले. बंद करताना कुणी पाहिलं नाही, की यातला कोण थोडा बरा होता. नंतर उद्योग उभा राहिला तो सामाईक शुद्धीकरण केंद्रांच्या आणि पाणी पुन्हा वापरण्याच्या आधारावर. म्हणून शेजाऱ्याला प्रतिस्पर्धी म्हणून बघणं या एका बाबतीत सोडा. तुमच्या कारखानदार संघटनेत सामाईक टाकी, सामाईक प्रयोगशाळा, गाळ नेणारी एक गाडी, हा विषय काढा. तुमचा परदेशी खरेदीदार त्याच भागातल्या आणखी चार जणांकडून माल घेत असेल, तर त्यालाही या खर्चात ओढता येतं.

आता घरी काम करणाऱ्या बायका. मला भीती अशी, की संहिता वाचून तुम्ही पहिलं काम त्यांचं काम बंद करायचं कराल. घरात कोण काम करतं ते दिसत नाही, मुलं हात लावतात, ऑडिटर विचारेल, त्यापेक्षा नकोच. असं आधी झालेलं आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये जगभरासाठी हाताने शिवलेले फुटबॉल बनतात. मुलं शिवतात म्हणून ओरड झाली आणि फेब्रुवारी १९९७ च्या कराराने शिलाई घरांतून देखरेख असलेल्या केंद्रांत न्यायची ठरली. मुलांचं काम कमी झालं, पण ज्या बायकांना घर सोडून केंद्रात जाणं जमत नव्हतं त्यांची कमाईही गेली. बांगलादेशात त्याआधी याहून वाईट झालं. बालमजुरीने बनलेल्या मालावर बंदी घालणारं विधेयक १९९२ मध्ये अमेरिकन संसदेत आलं, कारखानदार घाबरले आणि युनिसेफच्या अंदाजाने ५०,००० मुलांना कामावरून काढलं गेलं. त्यांतली कित्येक शाळेत न जाता खडी फोडायला, रस्त्यावर, वेश्याव्यवसायात गेली. १९९५ मध्ये कारखानदार संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला, तेव्हा कुठे शाळा आणि विद्यावेतन यांची सोय आधी, मग कामावरून काढणं, असा क्रम लागला.

तेव्हा त्या बायकांना तोडू नका, वहीत आणा. प्रत्येकीचं नाव, नेलेला माल, दिलेले पैसे, तिच्याकडेही एक प्रत. मग एक काम स्वतः करा: एका दुपारी कुणा एकीच्या शेजारी बसून तासाभरात किती पाकिटं होतात ते मोजा. सगळ्यात चपळ बाई निवडू नका. त्या आकड्याला नगाचा दर लावा आणि किमान वेतनाच्या तासाशी ताडून बघा. बहुतेक ठिकाणी ही बेरीज मालकाला खाली बघायला लावते. दर वाढवावा लागेल. मधला माणूस माल पोचवत असेल तर तो किती कापतो, तेही त्याच दुपारी कळेल. मुलं हात लावत असतील तर दर वाढल्याशिवाय ते थांबणार नाही. आईला एकटीच्या हाताने घर चालण्याइतकं मिळत नाही, म्हणूनच ती मुलांना बसवते.

परवडतं का, या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर काही परवडतं, काही नाही. जबाबदारी ही नेहमी फायद्याचीच असते, असं सांगत फिरणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. रॅक लटकवला की रसायन वाचतं, दार उघडं ठेवायला पैसे पडत नाहीत, हवा चांगली झाली की खाडे कमी होतात. पण नगाचा दर वाढवणं, ओव्हरटाइमला दुप्पट पैसे देणं, गाळ नीट नेऊन देणं, हे सरळ तुमच्या नफ्यातून जातं. म्हणूनच तो बोजा एकट्याने गिळायचा नाही. ओव्हरटाइम होतो का आणि कशामुळे, हे तुमच्याच वहीत बघा. बहुतेक वेळा नमुना उशिरा मंजूर होतो, रवानगीची तारीख मात्र तीच राहते. मधले तीन आठवडे माणसं रात्री काढतात. म्हणजे संहितेतला एक दोष खरेदीदाराच्या वेळापत्रकातून आलेला आहे. त्याला तो तारखांनिशी दाखवा. २०२३ पासून लागू झालेल्या जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्यात मोठ्या कंपनीने स्वतःच्या खरेदीच्या पद्धतीही तपासाव्यात असं म्हटलेलं आहे, तेव्हा हे बोलणं आता उद्धटपणा समजला जात नाही. त्याला म्हणा: पैसे वेळेवर द्या, नमुना मंजूर झाल्यापासून दिवस मोजा, धूळशोषकाच्या खर्चासाठी पुढच्या दोन ऑर्डरची हमी द्या. भाववाढ मिळाली नाही तरी यातलं एखादं मिळतं.

वह्यांचं म्हणाल, तर हे सगळं मार्गी लागल्यावर खुशाल वाटा, त्यात वाईट काही नाही. शिबिर मात्र आत्ताच घ्या, पण रक्तदाब मोजून केळं आणि बिस्किट देणारं नको. बफिंग, ओतकाम आणि प्लेटिंगच्या प्रत्येकाची छाती, कान आणि कातडी तपासणारं, आणि तोच डॉक्टर दरवर्षी येईल असं. निकेलच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अनेकदा खाज असते. ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

निर्यातदाराला पत्र याच आठवड्यात जाऊ दे. दोन पानं पुरेत: आमच्याकडे आज काय कमी आहे, त्यातलं ऑडिटपूर्वी काय होईल, सहा महिन्यांत काय, वर्षात काय, आणि आम्हाला तुमच्याकडून काय लागेल. घरी काम करणाऱ्या बायकांचा उल्लेख त्यात असू दे, लपवू नका. सही तुमची आणि भावाची, दोघांची. सोबत धूळशोषकाच्या कोटेशनची प्रत जोडा.